प्रवेशपत्र हातात, पण दारात मान नाही : परीक्षा केंद्रांच्या कारभाराचा जाब कोण देणार?

१७ जुलै २०२२. देशभर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा होती. वाशिम शहरातील एका केंद्रावर काही मुस्लिम मुलींना दारातच अडवण्यात आले आणि बुरखा-हिजाब काढायला भाग पाडले, अशी तक्रार घेऊन त्यांचे पालक त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेले. वास्तविक परीक्षा घेणाऱ्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीच्या, म्हणजे एनटीएच्या सूचनांत धार्मिक किंवा पारंपरिक पोशाखाला मनाई नव्हती. असा पोशाख घालणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर यावे, एवढीच अट होती. म्हणजे नियम मुलींच्या बाजूने होता, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला तो एक तर माहीत नव्हता किंवा त्याला त्याची पर्वा नव्हती.

त्याच दिवशी केरळच्या कोल्लम जिल्ह्यात आयूर येथील केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रे काढायला लावल्याचे प्रकरण घडले. तिथे देशभर गदारोळ झाला. तपासणीचे काम ज्या संस्थेकडे होते तिच्या आणि महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि त्या मुलींसाठी पुन्हा परीक्षा घेण्यात आली. वाशिमची बातमी मात्र दोन-चार दिवसांत विरून गेली.

आम्ही ही घटना आज मुद्दाम आठवतो आहोत. त्या मुली आमच्या समाजाच्या नव्हत्या, हे खरे. पण ज्या दारात त्या उभ्या होत्या, त्याच दारात दरवर्षी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील आपली हजारो मुले-मुली उभी राहतात. नीट, सीईटी, टीईटी, तलाठी, जिल्हा परिषद, आरोग्य विभाग, बँक, रेल्वे : परीक्षेचे नाव बदलते, दारातला अनुभव फारसा बदलत नाही.

हा अनुभव काय असतो, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळी साडेसातला हजर व्हा म्हणायचे आणि नऊपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभे करायचे. बॅग ठेवायला जागा नाही, म्हणून ती समोरच्या टपरीवर वीस-तीस रुपये देऊन ठेवायची. पिण्याचे पाणी नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप. आधार कार्डावर जुने आडनाव आणि गुणपत्रिकेवर नवे, एवढ्यावरून ‘तुझे नेमके नाव काय?’ असा सगळ्यांसमोर सवाल. धर्मांतरानंतर आडनावे बदललेल्या आपल्या कुटुंबांना हा सवाल नुसता कागदाचा वाटत नाही, कारण त्यामागून पुढचा प्रश्न कोणता येणार हे आपण ओळखून असतो. आत गेल्यावर संगणक बंद पडला तर ‘दुसऱ्या मशीनवर बसा’. गेलेल्या वेळेचे काय, हे विचारले तर ‘आमच्या हातात काही नाही, वर विचारा’. आणि वर कोण, हे कोणीच सांगत नाही.

‘वर’ नेमके कोण असते?

या एका प्रश्नातच सगळी मेख आहे. पूर्वी परीक्षा म्हणजे शाळा, मास्तर आणि बोर्ड असा साधा मामला होता. आज एका सरकारी भरती परीक्षेची साखळी अशी असते : पदे विभागाची, परीक्षेचे कंत्राट मोठ्या कंपनीकडे, संगणक आणि इमारत एखाद्या खासगी महाविद्यालयाची किंवा संगणक केंद्राची, आणि तपासणी-पर्यवेक्षणाची माणसे आणखी तिसऱ्याच संस्थेने रोजंदारीवर आणलेली. परीक्षार्थ्याचा संबंध येतो तो साखळीच्या शेवटच्या कडीशी आणि पैसे जातात ते पहिल्या कडीकडे. चूक झाली की प्रत्येक कडी दुसरीकडे बोट दाखवते.

महाराष्ट्राने हे वारंवार पाहिले आहे. २०१७ नंतरच्या ‘महापरीक्षा’ पोर्टलविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, २०२० मध्ये ते बंद करावे लागले. २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ला होणारी आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. १२ डिसेंबर २०२१ ची म्हाडाची परीक्षा तर त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर रद्द झाल्याचे जाहीर झाले. मंत्र्यांनी माफी मागितली. पण तोपर्यंत विदर्भातली मुले रात्रीच्या एसटीत किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात बसून निम्मा प्रवास करून चुकली होती. माफीने तिकिटाचे पैसे परत येत नाहीत आणि बुडालेली मजुरीही परत येत नाही.

२०२३ ची तलाठी भरती हे आणखी एक उदाहरण. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशी जवळपास महिनाभर ही परीक्षा चालली. २१ ऑगस्टला सकाळच्या सत्रात सर्व्हर बंद पडला आणि राज्यातल्या अनेक केंद्रांवर परीक्षार्थी ताटकळत राहिले. कंपनीने तांत्रिक अडचण असल्याचे सांगितले, परीक्षा उशिरा सुरू झाली आणि विषय संपला. पसंतीचे जिल्हे भरून घेऊनही भलत्याच दूरच्या केंद्राचे प्रवेशपत्र आल्याच्या तक्रारीही याच भरतीत झाल्या.

नऊशे रुपयांचा हिशोब

आता पैशाकडे पाहू. तलाठी भरतीचे शुल्क खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होते. म्हणजे शतकानुशतकांच्या वंचनेची सवलत शंभर रुपये. पदे साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. प्रत्येकाने कमी असलेलेच शुल्क भरले असे धरले, तरी ही रक्कम ९० कोटींच्या वर जाते. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीतही हेच दर होते आणि प्रत्येक पदासाठी शुल्क वेगळे.

त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. एक अर्ज म्हणजे तीन दिवसांहून अधिक घाम. आपल्या जिल्ह्यात आई सोयाबीन सोंगायला जाते तेव्हा घरात एक अर्ज भरला जातो. त्यावर प्रवासाचा खर्च वेगळा. वाशिमहून अकोला ८० किलोमीटरच्या आसपास. मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यातून निघणाऱ्याला पहिल्या सत्रासाठी आदल्या दिवशीच घर सोडावे लागते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा भार थोडा हलका झाला. पण मुलीसोबत भाऊ किंवा बाप जातो, त्याचे तिकीट पूर्ण. रात्री राहायचे कुठे? स्टँडवर, फलाटावर, नाहीतर ओळखीच्या विहारात.

शुल्क ठेवले नाही तर गंभीर नसलेली मुले अर्ज करतात, असा युक्तिवाद सरकारकडून झाला. तो तपासायला फार लांब जायला नको. केंद्रीय लोकसेवा आयोग अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून आणि महिलांकडून शुल्क घेतच नाही. रेल्वे भरती मंडळ या प्रवर्गाकडून २५० रुपये घेते आणि संगणकावरील परीक्षेला हजर राहिल्यावर बँक शुल्क वजा करून ते परत करते. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना परीक्षेला जाण्या-येण्यासाठी रेल्वे मोफत प्रवासाची सोय देते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध अनुसूचित जातींनाही केंद्राच्या या सवलती लागू आहेत. आमच्या पाहण्यात अशी कितीतरी मुले आली, ज्यांनी हा पास कधी काढलाच नाही, कारण तो मिळतो हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. गांभीर्य तपासायचेच असेल, तर हजर राहणाऱ्याला शुल्क परत करा. गरिबी हा गांभीर्याचा अभाव नव्हे.

कायद्याच्या नजरेत आपण कोण?

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. दुकानदाराने नऊशे रुपये घेऊन खराब वस्तू दिली तर आपण ग्राहक आयोगात जातो. परीक्षेच्या बाबतीत तो रस्ता जवळपास बंद आहे. बिहार शालेय परीक्षा मंडळ विरुद्ध सुरेश प्रसाद सिन्हा या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दोन परीक्षार्थ्यांना एकच बैठक क्रमांक दिला गेल्याने निकाल अडकला होता. चूक मंडळाची होती. तरीही न्यायालयाने म्हटले की परीक्षा घेणे हे मंडळाचे वैधानिक कर्तव्य आहे, ती विकत दिलेली सेवा नाही, भरलेले शुल्क म्हणजे सेवेचा मोबदला नाही, आणि म्हणून परीक्षार्थी हा ग्राहक नाही.

या निकालातला विचार एका अर्थी योग्यच आहे. शिक्षण आणि सरकारी नोकरीची संधी हा बाजारातला माल नाही, आपणही तेच म्हणतो. पण मग प्रश्न उरतो : आम्ही ग्राहक नाही, तर आम्हाला नागरिक म्हणून वागवा. प्रत्यक्षात काय झाले? परीक्षेचे काम कंपनीला दिले गेले, शुल्क बाजारभावाने वाढले, पण परीक्षार्थ्याला ग्राहकाचा हक्कही मिळाला नाही आणि नागरिकाचा मानही नाही. कंपनीचा ग्राहक आहे सरकारी विभाग. आपण त्या व्यवहारातले फक्त बैठक क्रमांक.

२०२४ च्या नीट घोटाळ्यानंतर सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठीचा केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात परीक्षेचे काम घेणाऱ्या कंपनीला ‘सेवा पुरवठादार’ म्हटले आहे आणि गैरप्रकारात सापडल्यास एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे स्वागतार्हच. पेपरफुटीने सर्वात जास्त नुकसान आपल्याच मुलांचे होते, कारण पेपर विकत घ्यायला त्यांच्याकडे लाखो रुपये नसतात. पण हा कायदा गैरप्रकारांपुरता आहे. बंद पडलेला संगणक, कुलूपबंद स्वच्छतागृह, दारातला अपमान किंवा दोनशे किलोमीटरवरचे केंद्र त्याच्या कक्षेत येत नाही. सेवा पुरवठादार हा शब्द कायद्यात आला, सेवा कोणाची हे मात्र लिहायचे राहून गेले.

तरीही दार पूर्ण बंद नाही. २३ नोव्हेंबर २०२१ चा अवनी प्रकाश विरुद्ध एनटीए हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावा. लेखनात अडचण येणाऱ्या या विद्यार्थिनीला दिव्यांग म्हणून नीटमध्ये एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावरच्या लोकांनी तो दिला नाही, इतरांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. पण कायद्याने दिलेली सवलत केंद्राच्या अज्ञानामुळे हिरावली जाऊ शकत नाही, केंद्रावरच्या माणसांना प्रशिक्षण देणे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे, हे स्पष्ट केले आणि झालेला अन्याय कसा दूर करणार याचा विचार एका आठवड्यात करण्यास एनटीएला सांगितले. ‘आमच्या हातात काही नाही, वर विचारा’ या उत्तराला हे न्यायालयाचे उत्तर आहे. केंद्राची चूक ही परीक्षा घेणाऱ्याची चूक आहे.

महाडचा धडा इथेही लागू

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर सगळे खुले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, कारण ठरावात खुले असणे आणि प्रत्यक्षात ओंजळीत पाणी येणे यात फार मोठे अंतर होते. आरक्षणाने सरकारी नोकरीचे तळे आपल्यासाठी खुले केले. त्या तळ्यापर्यंतची वाट आज परीक्षा केंद्रातून जाते. ती वाट लांब, महाग आणि अपमानाची केली, तर ठराव न बदलताही तळे बंद करता येते.

महाडचा दुसरा भाग आपण कमी आठवतो. सत्याग्रहानंतर खटला उभा राहिला आणि तो जवळपास दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला, कारण अनादि काळापासून अशी वहिवाट आहे हा विरोधकांचा दावा पुराव्यावर टिकला नाही. बाबासाहेबांनी रस्त्यावरची लढाई लढली आणि कागदावरचीही. आज आपण मोर्चा काढतो, समाजमाध्यमावर व्हिडिओ टाकतो, पण लेखी तक्रार देणारे दहात एकही नसतात. मग विभाग सभागृहात सहज सांगतो, ‘या केंद्राबाबत तक्रार प्राप्त नाही.’

दुसरी बाजूही पाहू

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कडक तपासणी हवीच. डमी उमेदवार आणि कानातली यंत्रे ही काल्पनिक भीती नाही. आणि फाटकावर उभा राहून ओरडणारा तो मुलगाही अनेकदा आपल्याच वस्तीतला असतो. एका दिवसाच्या रोजावर आलेला, आदल्या संध्याकाळी अर्ध्या तासाची सूचना ऐकलेला, चूक झाली तर रोज कापला जाईल या धाकात. त्याच्यावर राग काढून काही साधणार नाही. ज्याने त्याला प्रशिक्षण न देता उभे केले, त्याला जाब विचारायचा आहे. त्याच्याशी मैत्रीने आणि व्यवस्थेशी ठामपणे, ही आपली रीत असली पाहिजे. मात्र कोणी जातीवरून अपमान केला, तर तो गैरसोयीचा विषय राहत नाही. तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा आहे आणि तो वापरायला संकोच नको.

काय मागायचे?

नीट घोटाळ्यानंतर केंद्राने डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने खासगी केंद्रांवरचे अवलंबित्व कमी करावे, केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालयांसारख्या सरकारी संस्थांत प्रमाणित केंद्रे उभारावीत, दुर्गम भागांसाठी फिरती केंद्रे असावीत, अशा शिफारशी केल्या. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातून असे चारच जिल्हे निवडले गेले. मग सुरुवात इथूनच का होऊ नये? आमच्या मागण्या अशा :

१. वाशिम जिल्ह्यात पुरेशा क्षमतेचे सरकारी संगणकीय परीक्षा केंद्र उभारावे आणि पहिल्या पसंतीचा जिल्हा नाकारल्यास त्याचे कारण लेखी द्यावे.

२. परीक्षेस हजर राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला शुल्क परत मिळावे आणि प्रवेशपत्र दाखवल्यावर एसटीचा प्रवास मोफत असावा.

३. परीक्षा २४ तासांच्या आत रद्द झाली, तर शुल्कासोबत प्रवासखर्चही कंत्राटदार कंपनीकडून वसूल करून द्यावा. कंत्राटातच ही अट असावी.

४. प्रत्येक केंद्राच्या फाटकावर मराठीत फलक असावा : परीक्षार्थ्याचे हक्क, केंद्रप्रमुखाचे नाव, जिल्हास्तरीय तक्रार अधिकाऱ्याचा क्रमांक.

५. पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, सामान ठेवायची मोफत जागा आणि महिलांची तपासणी आडोशाला महिलेकडूनच, या गोष्टी नसलेल्या इमारतीला केंद्र म्हणून मान्यता देऊ नये.

विहारातून सुरुवात

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. आपल्या जिल्ह्यात साधारण सातपैकी एक माणूस बौद्ध आहे आणि गावोगावी विहार आहे. परीक्षेच्या हंगामात त्या विहारात एक वही ठेवा. परीक्षा देऊन आलेल्या प्रत्येकाने तारीख, सत्र, केंद्र आणि काय घडले ते लिहावे. चांगला अनुभव आला तर तोही लिहावा, कारण चांगले केंद्र दाखवता आले तर वाईट केंद्राला सबब उरत नाही.

केंद्रावर अडचण आली तर तिथल्या तिथे केंद्रप्रमुखाला लेखी द्या. वेळ आणि संगणकाचा क्रमांक लिहा आणि पोच मागा. पोच नाकारली तर बाहेर आल्याबरोबर विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल करा, सोबतच्या दोन परीक्षार्थ्यांची नावे त्यांच्या संमतीने द्या. त्याच अर्जात त्या सत्राचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा, नाहीतर काही आठवड्यांनी ते पुसले गेल्याचे सांगतात. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज : शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. कंपनीला नको, विभागाला विचारा. केंद्राचा त्या दिवसाचा अहवाल मागा, कंत्राटातल्या दंडाच्या अटी मागा, किती दंड वसूल केला तेही विचारा. एकट्याने नको, एका केंद्राच्या वीस मुलांनी मिळून मागा. आणि २०२२ मध्ये ज्या मुलींना दारात अडवले, तशा मुली पुन्हा दिसल्या तर ‘आपला विषय नाही’ म्हणून पुढे जाऊ नका. नियमाची छापील प्रत खिशात ठेवा, त्यांच्या बाजूला उभे राहा.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण भिंतीवर लिहिले आहे. शिकलेली मुले आज परीक्षेच्या फाटकावर एकेकटी उभी आहेत. त्यांना तिथे एकटे उभे राहू न देणे, हीच यापुढची संघटना. आई सोयाबीन सोंगून नऊशे रुपये देते, तेव्हा ती उपकार मागत नसते. आपल्या लेकराला दारातून मानाने आत घ्या, एवढेच तिचे म्हणणे असते. ते लेखी, सहीनिशी आणि पुन्हा पुन्हा पोहोचवणे हे आपले काम आहे.

जय भीम.